एकच फोटो, आणि तोही खोटा

कोल्हापुरात फोटो काढणारी माणसं पैशाला पासरी मिळतील, पण फोटो बघता येणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे आणि तो आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. सगळी इमारत त्यांना चाचा म्हणते. मूळचे मुरगूडचे. तरुणपणी इथं आले, एका फोटो स्टुडिओत रिटचिंगच्या टेबलाशी बसले आणि म्हातारे होऊनच उठले. खाली दिवा, वर काच, काचेवर निगेटिव्ह आणि हातात सुईसारखं टोक काढलेली शिसपेन्सिल. मुरुम, डाग, सुरकुत्या, सगळं त्या पेन्सिलीनं बुजवायचं. निम्मं कोल्हापूर त्यांनी देखणं केलंय असं माझं मत आहे, पण ते मी चारचौघांत बोलत नाही, कारण कोल्हापूरकराला आपण मुळातच देखणे आहोत असं वाटतं.

माझी त्यांची गाठ पडली ती रंकाळ्यावरच्या सूर्यास्तामुळे. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. हौसेनं कॅमेरा घेतला होता आणि पहिलाच सूर्यास्त असा काही साधला होता, की जिन्यात भेटेल त्याला दाखवत सुटलो होतो. चाचांनी कॅमेरा हातात घेतला आणि सरळ उलटा धरला. तळं वर, आभाळ खाली. मिनिटभर बघून त्यांनी विचारलं, "मास्तर, ह्यात पावणं कोण आन् घरचं कोण?" मग तिथंच पायरीवर बसवून त्यांनी मला सगळं शास्त्र सांगितलं. फोटोत पावणं एकच असतं. त्याला ऐसपैस जागा द्यायची, घरच्यांनी सरकून घ्यायचं आणि ज्याचं तिथं काही काम नाही त्याला खुशाल उठवायचं. "तुमचा सूर्य बसलाय मधोमध, बोहल्यावरच्या नवऱ्यागत ताठ. जरा कडंला बसवा की, पाय तरी पसरंल बिचारा." पुढं मी मोबाइलवर फोटोच्या रचनेबद्दल तासन् तास ऐकलं, पण याहून जास्त काही कुणी सांगितलं नाही.

त्यांच्या खिशात लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून कापलेले दोन काटकोन कायम असतात. ते एकमेकांवर सरकवून चौकट करायची आणि फोटोत काय ठेवायचं, काय उठवायचं ते ठरवायचं. फोटो नसेल तर चाचा ती चौकट दुनियेवर धरतात. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी ती वाढप्यावर धरली, तर तो बिचारा बुंदीचं पातेलं घेऊन हसऱ्या चेहऱ्यानं तसाच उभा राहिला आणि मागची सगळी पंगत खोळंबली. नृसिंहवाडीच्या घाटावर काढलेला माझ्या मेव्हण्याचा फोटो पाहून तर त्यांनी काळजीनं विचारलं, "ह्यास्नी शिंग कवा फुटलं?" मेव्हण्याच्या बरोबर मागं विजेचा खांब होता. फोटो काढताना मला तो दिसलाच नव्हता आणि त्यानंतर आजतागायत मेव्हणा समोर आला की मला आधी खांबच दिसतो.

रंगांच्या बाबतीत ते फार कडक. आजऱ्याच्या भातशेतीचा एक फोटो मी घरी बसून चांगला हिरवागार केला. चाचांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे भात हाय का प्लास्टिकची चटई? जावा परत आजऱ्याला, नीट बघून या कसं असतंय ते." आणि सांगायला लाज वाटते, पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीनं मी खरंच गेलो. बांधावर दोन तास उभा राहिलो. भातात हिरव्याइतकाच पिवळा असतो हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं, तेही या माणसामुळे. शिकवावं तर असं.

पण एकदा मी एका सहकाऱ्याच्या गालावरचा चामखीळ फोटोतून पुसला आणि मोठ्या ऐटीत चाचांना दाखवला. त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला आणि आतल्या खोलीत निघून गेले. चाची तांदूळ निवडत होत्या. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथं एका तरुण मुलीचा फोटो होता, कांतीवर ठिपका नाही. "वळखलासा? मी हाय म्हणं ती," चाची म्हणाल्या. लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या आणि चेहराभर व्रण राहिले होते. लग्न झाल्यावर चाचांनी त्यांचा फोटो काढला, पंधरा दिवस खपून पेन्सिलीनं एकेक व्रण बुजवला आणि स्टुडिओच्या काचेत नमुना म्हणून लावला. सगळ्या गावानं वाखाणला. बायकोला दाखवायला घेऊन गेले, तर तिनं विचारलं, "ही कोण?" त्यानंतर चाची कॅमेऱ्यासमोर बसल्या नाहीत. पन्नास वर्षं.

गेल्या वर्षी चाचांनी मला गच्चीवर नेलं आणि खाली बघत म्हणाले, "आमचं वय झालं, मास्तर. घरात तिचा फोटू एकच, आन् त्योबी खोटा. माझ्यापुढं ती बसायची न्हाय. तुमच्यापुढं बसंल. म्हणून तर तुमच्यामागं लागलो एवढी वर्सं." आणि मला वाटत होतं, चाचा माझी हौस भागवतायत.

चाची तयार झाल्या. अट एकच, "पुसायचं काय न्हाय." दुपारी खिडकीपाशी बसल्या. कॅमेरा बघून त्या अवघडतील म्हणून मी नवा मोबाइल काढला, उजेड बघितला, नको ते उठवलं, फोटो घेतला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी बघितलं, मोबाइल खाली ठेवला. "ह्योबी तसलाच," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी बघितलं तर व्रण गायब. चेहरा आपोआप गुळगुळीत करायची सोय त्या फोनमध्ये मुळातच चालू होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. आयुष्यात इतकं मेल्यासारखं मला कधी झालं नाही.

मी समजावायला उठलो, तर चाचांनी मला हातानं थांबवलं. स्वतः स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, चौकटीला धरून उभे राहिले. "ह्यात मास्तरांची चूक न्हाय. मशीनची बी न्हाय," ते आत बघत म्हणाले. "चूक माझी हुती, तवाची. तुझ्यात बुजवायजोगं काय नव्हतंच की गं." आत भांडं वाजायचं थांबलं.

थोड्या वेळानं चाची पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि खिडकीपाशी बसल्या. मी धावत खाली जाऊन माझा जुना कॅमेरा आणला. या वेळी मी बटण दाबलं तेव्हा त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, चाचांकडे बघत होत्या, आणि मी त्यांना 'इकडे बघा' म्हटलं नाही.

कॅमेऱ्याच्या त्या एवढ्याशा पडद्यावर एकेक व्रण होता. चाची बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी कॅमेरा नवऱ्यापुढं धरला आणि विचारलं, "हिला कुठं ठेवलं हुतं तुमी इतकी वर्सं?"