मोटारीचं माहेर

शहापूरच्या बाजारातून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पल्लवी रोकडेचं दुकान आहे. शेतावरच्या पाण्याच्या जळलेल्या मोटारी ती भरून देते. भरणं म्हणजे मोटारीच्या पोटातली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची आणि वेढे मोजत नवी बसवायची. वाशिंदच्या एका कारखान्यात तिनं चौदा वर्षं नव्या मोटारींत अशीच तार भरली. मग तार भरायचं यंत्र आलं, बायकांना पॅकिंगला पाठवलं, आणि खोक्यांना चिकटपट्ट्या लावून तीन आठवडे झाल्यावर पल्लवीनं राजीनामा दिला. नवरा महेंद्र म्हणाला, "तुझ्यासारखी बोटं असती तर मीपण दिला असता," आणि नेहमीसारखा डबा घेऊन कल्याणला कामावर गेला.

दुकान चालू लागलं. येणारा आधी "मिस्त्री कुठंय?" विचारायचा, पल्लवी हातातला पान्हा वर करून दाखवायची. ते तिला जड गेलं नाही. जड गेलं ते वेगळंच, आणि ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

कारखान्यात भरून झालेली मोटार कमळाकरकाकांच्या टेबलावर जायची. ते चेकर. ते मीटर लावायचे आणि मोटारीच्या अंगावर ब्रशनं एक हिरवी रेघ ओढायचे. रेघ ओढली की पल्लवीचे हात पुढच्या मोटारीकडे वळायचे. दुकानातली पहिली मोटार तिनं भरली, मीटर लावला, आकडा बरोबर आला. चालू केली तर मोटार एकसुरात फिरली. पल्लवी मात्र तिच्यासमोर नुसती बसून राहिली. काम झालं होतं, पण झालं असं म्हणणारं कुणी नव्हतं. तिनं मोटार पुन्हा उघडून पाहिली. दुसऱ्या दिवशीही पाहिली. तिसऱ्या दिवशी ती पोत्यात गुंडाळून स्कूटीच्या पायदानावर ठेवली आणि हायवेनं वाशिंद गाठलं.

काका रिटायर होऊन घरीच होते. त्यांनी चष्मा पुसला, मोटारीवर बोटांनी टकटक केलं, घरचा मीटर लावला. "ओके," ते म्हणाले. पल्लवी इतकी हलकी होऊन परतली की वाटेत तिनं महेंद्रला उगाचच फोन केला.

पुढं प्रत्येक मोटार वाशिंदला जाऊ लागली. काकांची बायको चहा ठेवता ठेवता म्हणायची, "लोकांच्या घरी पाहुणे पेढे घेऊन येतात गो, आमच्याकडं मोटारी येतात." शेतकऱ्यांच्याही ध्यानात आलं. मोटार परवा मिळेल म्हटलं की ते विचारायचे, "वाशिंदला जाऊन येनार काय? माहेर हाय तिचं?" पल्लवीही हसायची. पण नवी मोटार दुकानात आली की काम हातात घेण्याआधीच ती वाशिंदच्या फेरीचा दिवस ठरवून टाकायची.

जानेवारीत किन्हवलीच्या अलीकडचा सावळाराम मोटार घेऊन आला. त्याची भेंडी ऐन फुलावर होती आणि तीन दिवस पाणी नव्हतं. पल्लवीनं दोन दिवस जेवणाचंही भान न ठेवता काम केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सावळाराम टेम्पो घेऊनच दारात उभा राहिला.

"उद्या न्या," ती म्हणाली. "आज वाशिंदला दाखवून आणते."

"ताई, उद्यापर्यंत फुलं गळतील. माहेरपन पुढल्या खेपेला करू."

पल्लवीनं काकांना फोन लावला. फोनमधून भोंगे, पिपाण्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला. काका म्हसा गावच्या जत्रेत होते.

"मीटर काय दाखवतो?" ते ओरडून विचारू लागले. तिनं आकडा सांगितला.

"मग दे की."

"तुमी बघितल्याशिवाय कशी देऊ?"

मग काका म्हणाले, "पल्लवी, एक सांगतो, रागवू नको. पहिली तीन-चार वर्षं तुझं काम बघितलं. नंतर कधी बघितलंच नाय. तुझी मोटार आली की मी नुसती रेघ ओढायचो."

"मीटर नाय लावायचात?"

"तुझ्या मोटारीला कशाला? तेवढ्यात माझा चहा व्हायचा."

"आनि वाशिंदला आनत होते त्या?"

"त्याना लावला. तू समोर बसायचीस ना."

पल्लवी खरंच रागावली. "एखादी खराब निघाली असती म्हंजे? नाव माझं गेलं असतं, काका," असं म्हणून तिनं फोन ठेवला. कान लाल झाले होते. दहा वर्षं. दिवसाला किती तरी मोटारी, आणि शेवटचं बघणारी कोण, तर ती स्वतः. तिला एकदम हसू आलं, आणि ते सावळारामला दिसू नये म्हणून ती मोटारीवर वाकली. मीटर पुन्हा एकदा लावला. एकदाच.

"काय म्हनले साहेब?" सावळारामनं विचारलं.

"साहेब जत्रेत हायत. मोटार उचला. मीपण येते."

चौदा वर्षांत तिनं आपल्या हातची मोटार पाणी ओढताना पाहिली नव्हती. कारखान्यातून मोटारी खोक्यांत बंद होऊन जायच्या, दुकानातून शेतकऱ्यांच्या टेम्पोत. आज सावळारामनं शेताजवळच्या ओढ्याकाठी मोटार बसवून वायरी जोडल्या आणि तिनं त्याला बटण दाबायला सांगितलं. मोटार फिरली. पाइपाच्या तोंडाशी पाणी आलं, पण करंगळीएवढं, दमल्यासारखं.

सावळारामचा चेहरा उतरला. त्याची बायको गीताबाई बांधावरून म्हणाली, "एवढंच? एवढं तर आमचा रेडा मुततो."

मोटार उचलून टेम्पोत टाकावी आणि सरळ वाशिंद गाठावं, असं पल्लवीला क्षणभर वाटलं. पण तिनं वाकून पंख्याकडे पाहिलं. पंखा उलटा फिरत होता.

"बंद करा," ती म्हणाली. "मोटारीला काय झालं नाय. वायरी उलट्या लागल्यात."

तिनं स्टार्टरमधल्या दोन वायरी काढून एकमेकींच्या जागी लावल्या. "आता दाबा."

पाइप आधी नुसता खोकला. मग मनगटाएवढी धार फुटून थेट सावळारामच्या सदऱ्यावर आली. तो मागे सरकायचं सोडून तसाच उभा राहून हसत राहिला. पाणी पाटात उतरलं, वाळलेली पानं पुढं ढकलत भेंडीच्या पहिल्या ओळीकडे निघालं. पल्लवी चप्पल काढून पाण्याच्या बाजूनं चालत गेली, दुसऱ्या ओळीपर्यंत, तिसऱ्या ओळीपर्यंत.

तेवढ्यात काकांचा फोन आला. आवाज पडलेला होता. "रागावलीस काय गो? मी उद्या येतो, बघतो मोटार."

"बघायला नको, काका. ऐका."

तिनं फोन पाण्याच्या धारेजवळ धरला. तिकडून जत्रेचा गलका येत होता, इकडून पाण्याचा जात होता. काकांनी फोन ठेवला नाही, तिनंही ठेवला नाही.

"बस आता," गीताबाई भाकरीचं फडकं सोडत म्हणाली. "हात धू आनि ये. तुझं लक्ष पान्यावरून हलत नाय, नि इकडं चटनीला मुंग्या लागल्या."

"आले," पल्लवी म्हणाली, आणि चौथ्या ओळीत पाणी शिरेपर्यंत तिथंच उभी राहिली.