तिसऱ्या वाटेतला खड्डा

तीस वर्षं मोटारींची सिलिंडर हेड उघडण्यात गेली, म्हणून सगळे त्यांना हेडमास्तर म्हणत. विद्यार्थी मात्र एकच, तोही घरचा: बायकोचा धाकटा भाऊ.

हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातून, हवा आणि पेट्रोल आत शिरायच्या वाटा असतात. हेडमास्तरांचा सगळा जीव त्या वाटांत. जुन्या चार सिलिंडरच्या गाड्यांत एखादी कंपनी दोन सिलिंडरांना मिळून एकच वाट देई, म्हणजे एका दारात दोन बिऱ्हाडं. कुणी प्रत्येकाला वेगळी देई. एखादी गोल, एखादी लांबट. हेडमास्तर प्रत्येक वाटेत रबर ओतून साचा काढत, दोन-दोन साचे शेजारी धरून ताडून पाहत आणि चिठ्ठी बांधून कपाटात ठेवत. असं ताडता ताडता सात वर्षांनी त्यांनी एका हेडमध्ये स्वतःच्या आकाराच्या वाटा कोरल्या. कपाटाची दुसरी किल्ली मेहुण्याकडे असे. तो साच्यांना ‘दाजींच्या बाहुल्या’ म्हणे आणि तिकडे ढुंकूनही बघत नसे.

त्या दिवशी एक टॅक्सीवाला हेड घेऊन आला. समोरच्या मोठ्या वर्कशॉपने ‘आमचं स्वतःचं डिझाइन’ म्हणून नवं बसवून दिलं होतं, पण गाडी अडखळत होती. हेडमास्तरांनी सवयीने एकेका वाटेत बोट फिरवलं. तिसरीत बोट थांबलं. मसुराएवढा खड्डा. गेल्या वर्षी स्वतःचं हेड कोरताना त्यांच्याच हातून कोरणी सटकली होती, अगदी तिथेच. खड्ड्यामुळे उंचवटा आलेला त्या हेडचा साचा पुन्हा काढायचा म्हणून त्यांनी कपाटात मागे सरकवला होता. ही चूक त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

त्यांनी मेहुण्याला हाक मारली.

“तिसऱ्या वाटेत बोट घाल. खड्डा कशाला ठेवला असेल?”

मेहुण्याने बोट घातलं आणि शिकलेल्या माणसासारखं सांगितलं, “हवा घुमून आत जावी म्हणून. तुमच्या साच्यावरही त्याच जागी उंचवटा आहे की, दाजी.”

बोलून झाल्यावर त्याला कळलं. बोट वाटेतच राहिलं.

हेडमास्तरांच्या मनात आलं: साचा नेला तर नेला, पण चूक आणि हुशारी यातला फरकही पोटच्या पोरासारखं शिकवलेल्या याला कळू नये?

मेहुणा खाली मान घालून पुटपुटला की, समोरचे वर्कशॉपवाले फोरमन करतो म्हणाले होते, दोनच दिवस साचा दिला होता. मग म्हणाला, “ताईला सांगू नका.”

“तुम्ही किल्ली ठेवा,” हेडमास्तर म्हणाले, “आणि निघा.”

वीस वर्षांत त्यांनी त्याला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. मेहुण्याने किल्ली टेबलावर ठेवली. तिच्यापेक्षा तो शब्दच त्याला जड गेला असावा, कारण दारापर्यंत जाताना दोनदा अडखळला.

टॅक्सीवाला बाकावर खोळंबला होता. हेडमास्तरांनी कोरणी उचलली आणि आपल्याच चुकीच्या कडा घासायला घेतल्या.