दिवा घेतल्याची सही

निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली. चोऱ्या, दरोडे, मारामाऱ्या यांचे तपशील आता एकमेकांत मिसळायला लागले आहेत. एक प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं. त्यात चोर नव्हता आणि खुनीही नव्हता. त्यातल्या कोणाचंही नाव मी इथे देणार नाही.

मी तेव्हा गंगाखेडला सहायक पोलीस निरीक्षक होतो. गाळप हंगाम चालू होता. हंगामात आमच्या ठाण्याला उसंत नसते. उसाच्या ट्रॉल्यांचे अपघात, ऊसतोड टोळ्यांमधली भांडणं, रस्त्यावरची कोंडी. त्यातच बिनतारी संदेश आला की दरोड्यातला एक फरारी आरोपी नाव बदलून आमच्या हद्दीत राहत असावा. बाहेरून आलेल्या माणसांची चौकशी करा, असा वरून आदेश होता.

आमच्या ठाण्यात एक जुने हवालदार होते. सगळे त्यांना जमादार म्हणत. मूळचे पूर्णेचे. सकाळची हजेरी झाली की ते बसस्टँडसमोर दाढी करायला जात. दाढी दहा मिनिटांची आणि बसणं तासाभराचं. मी कधी हटकलं नाही, कारण ठाण्याला मिळणाऱ्या निम्म्या खबरा त्याच खुर्चीवरून येत. त्या दिवशी न्हावी त्यांना म्हणाला, "जमादार, कारखान्याच्या बॉयलरवर एक माणूस हाय. नऊ वर्सं झाली, दिवाळीला बी गावाकडं जात न्हाई. मागं ताप आलता तवा दवाखान्यात नाव भलतंच सांगितलं. कंपाउंडर माझा साडू हाय, त्यानं ऐकलंय."

जमादार दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर गेले. पाळी सुटली तेव्हा त्यांनी मागून त्या माणसाला नावाने हाक मारली. परत आल्यावर मला म्हणाले, "साहेब, आपल्या नावाला माणूस पटकन वळतो. हा इचार करून वळला."

आम्ही त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. पंचेचाळिशीचा, काटक, खाली बघून बोलणारा. नाव सांगितलं, मानवतजवळचं एक गाव सांगितलं. मी तिथल्या पोलीस पाटलांना फोन लावला. त्या नावाचा माणूस काय, आडनावसुद्धा गावात नव्हतं. मी त्याला पुन्हा बोलावलं. मारहाणीवर माझा विश्वास नव्हता. मार खाल्लेला माणूस आपल्याला हवं ते सांगतो, खरं सांगतोच असं नाही. मी त्याला बसवून ठेवलं आणि माझं टपाल बघत राहिलो. अर्ध्या तासाने सहज विचारलं, "इकडे यायच्या आधी कुठं होतास?"

"कुठं नाही सायेब, असंच काम करून राह्यलो होतो."

मी मान वर केली. आमच्याकडचा माणूस 'काम करायलो होतो' म्हणेल. 'करून राह्यलो' हे विदर्भातलं बोलणं. नऊ वर्षांत त्याच्या जिभेवर आमची भाषा चढली होती, पण घाबरलेला माणूस आईच्याच बोलीत बोलतो. मला वाटलं, फरारी सापडला.

तेवढ्यात जमादार चहा घेऊन आले. कप देताना ते थबकले. त्यांनी त्या माणसाचा हात धरून बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत निळसर काळ्या बारीक रेघा होत्या. कपाळावरही एक होती.

"गोंदण आहे का?" मी विचारलं.

"गोंदण न्हाई साहेब. जखमेत कोळशाची भुकटी राहिली की कातडीखाली असा निळा डाग पडतो. माझा बाप पूर्णेला वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकायचा. त्याच्या हाताला दोन-तीन होते. याला तर मोजता येईना गेलेत." मग ते त्या माणसाकडे वळले. "कोणत्या खाणीत होता, बाबा?"

'बाबा' म्हटल्यावर तो माणूस ढासळला. कप खाली ठेवून भिंतीला टेकला आणि म्हणाला, "मी मेलेला माणूस आहो, सायेब. तिथं खाणीच्या गेटवर दगड आहे, त्याच्यावर माझं नाव आहे."

त्याचा जबाब घ्यायला दुपार गेली. तो विदर्भातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत कायम कामगार होता. आईबाप लहानपणीच गेलेले, मामाने वाढवलेला, मामाही पुढे वारला. त्याच्याबरोबर पूर्णा तालुक्यातला एक माणूस राहायचा. तो ठेकेदाराकडे रोजंदारीवर होता, त्यामुळे खाणीच्या हजेरीपटावर त्याचं नाव नव्हतं. दोघं एकाच खोलीत राहायचे, एकाच चुलीवर जेवायचे.

ती खाण फार जुनी. तिच्या शेजारी कुणाच्याही आजोबांच्या आधीची, बंद पडलेली जुनी खोदाई होती. तिच्यात पाणी साठलेलं होतं आणि तिचा नकाशा कोणाकडे धड नव्हता. अपघाताच्या आधी चार दिवस बोगद्याची एक भिंत पाझरत होती. "मले भेव लागलं, सायेब," तो म्हणाला. "त्या दिवशी मी खाली गेलोच नाही. दोस्त म्हणाला, तुझी हजेरी कायले बुडवतो, तुझा बिल्ला दे, मी जातो." बिल्ला म्हणजे नंबर कोरलेली पितळेची चकती. खाली जाणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला ती असते. त्या दुपारी भिंत फुटली. प्रेतं बाहेर काढली तेव्हा चेहरे ओळखण्याच्या पलीकडे गेले होते. बिल्ल्यांवरून नावं ठरली आणि गेटवरच्या यादीत त्याचं नाव लागलं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"लोकं विचारतील ना, तुझ्या जागी कोण मेला. काय तोंड दाखवू?" तो पळाला. एकदा हिय्या करून मित्राच्या गावी गेला होता. मित्राची बायको हातपंपावर पाणी भरत होती, तिला लांबून बघून परत फिरला.

दुसऱ्या दिवशी मी आणि जमादार पूर्णा ठाण्यात गेलो. नऊ वर्षांपूर्वीचं मिसिंग रजिस्टर, म्हणजे बेपत्ता माणसांच्या नोंदींचं रजिस्टर, काढायला सांगितलं. नोंद सापडली. बायकोने तक्रार दिली होती की नवरा कामाला गेला तो आला नाही, खाणवाले म्हणतात असा माणूस आमच्याकडे नव्हताच. शेवटी तपास अधिकाऱ्याचा शेरा होता, 'सदर इसम घरगुती कारणावरून स्वखुशीने निघून गेला असावा.' अक्षर वळणदार होतं. माझं होतं. नऊ वर्षांपूर्वी मी त्याच ठाण्यात फौजदार होतो.

मला ती बाई आठवेना, आणि ते न आठवणं मला जास्त लागलं. जमादारांनी रजिस्टर माझ्यासमोरून हळूच ओढून घेतलं. म्हणाले, "साहेब, आता खाणीवर जाऊ."

मग वरिष्ठांची परवानगी घेऊन, त्या माणसाला बरोबर घेऊन आम्ही तिघं विदर्भात गेलो. खाणीच्या कार्यालयातले साहेब सौजन्याने वागले, पण एकच वाक्य बोलत राहिले, "त्या नावाचा माणूस आमच्या रेकॉर्डवर नाही." बोलून चालून आमच्याकडे एका 'मेलेल्या' माणसाचा जबाब होता, दुसरं काही नव्हतं.

खाणीच्या वसाहतीत एक म्हातारे गृहस्थ राहत. खाणीत पाळीवर देखरेख करणाऱ्याला सरदार म्हणतात. अपघाताच्या दिवशी त्या पाळीचे सरदार तेच होते आणि जिवंत बाहेर आलेल्या चौघांपैकी एक होते. आमच्याबरोबरच्या माणसाला दारात बघून ते उठून उभे राहिले.

"मले माहीत होतं तू नव्हता तो," ते म्हणाले. "आम्ही चौघं खालच्या बोगद्यात होतो, सायेब. वरून एक जण ओरडत आला, 'पाणी यायलंय, पाणी यायलंय, निघा!' यायलंय असं इकडं कोण म्हणते? इकडं पाणी येऊन राहते. तो वरच्या तोंडाशी होता, दहा पावलांत बाहेर पडला असता. आमच्यासाठी खाली आला. आम्हाला वर लोटलं आणि आणखी खाली गेला, तिथं तिघं होते. ते कोणीच आले नाहीत."

"चौकशीत सांगितलं नाहीत?"

"सांगितलं ना. त्यांनी लिहिलं, एका कामगाराने इशारा दिला. कोण होता ते मात्र मी बोललो नाही. बिल्ल्याची अदलाबदल माझ्या पाळीत झाली होती. नोकरी जाईल म्हणून गप बसलो."

साक्ष चांगली होती, पण कागद हवा होता. तो जमादारांना सुचला. खाली जाणारा माणूस दिवा कुठून घेतो, असं त्यांनी विचारलं. दिव्याच्या खोलीतून, असं उत्तर आलं. "घेताना अंगठा-सही काही करतो का?" करतो. अपघाताच्या चौकशीत ते रजिस्टर जप्त झालं होतं, म्हणूनच ते शाबूत राहिलं होतं. कार्यालयात अर्ज देऊन, दोन दिवस बसून आम्ही ते मिळवलं. आमच्या माणसाला लिहिता येत नव्हतं. महिनाभर त्याच्या बिल्ला नंबरापुढे अंगठाच होता. अपघाताच्या दिवशी त्याच नंबरापुढे सही होती. ठसठशीत, पूर्ण नावाची, खाली दोन टिंबं.

एवढी वर्षं ती सही सगळ्यांच्या डोळ्यांखालून गेली होती. सगळ्यांनी नंबर बघितला होता. खोटं बोलायचं माणूस ठरवतो, हात ठरवत नाही. पेन हातात आल्यावर त्या माणसाने सवयीने स्वतःचं नाव लिहिलं होतं. जमादारांनी त्या पानावर बोट ठेवलं.

सही करणाऱ्याच्या बायकोकडे मी स्वतः गेलो, गणवेशात. चाळिशी ओलांडलेली बाई, मोलमजुरी करून मुलीला बारावीपर्यंत शिकवणारी. मला बघताच म्हणाली, "तुमीच लिहून घेतलं होतं."

"हो ताई. चुकीचं लिहिलं होतं." मी तिला सहीची नक्कल दाखवली.

ती कितीतरी वेळ बघत राहिली. "त्येंचीच हाय. खाली दोन टिंबं द्यायचे. सातवीपस्तोर शिकलते, सही लय डौलात करायचे." मग मी तिला सगळं सांगायला लागलो. पहिलं वाक्य ऐकलं आणि तिने मला थांबवलं. "थांबा साहेब. मला एकटीला नका सांगू. पळपुट्याची बायकू म्हणलंय मला या गावानं नऊ वर्सं. माझ्या लेकीला शाळंत पळपुट्याची पोरगी म्हणलेत. गावाला सांगा."

तिने मुलीला पाठवून सरपंचांना बोलावलं. शाळेच्या ओट्यासमोर माणसं जमली. मी उभा राहून सांगितलं की या गावातला माणूस बाहेर पडता येत असताना खाली गेला आणि चार जण वाचवले. तो पळून गेल्याचा शेरा मी लिहिला होता आणि तो खोटा होता. नोकरीत मी अनेक बंदोबस्तांवर ध्वनिक्षेपकावर बोललो आहे. त्या दिवशी ध्वनिक्षेपक नव्हता, तरी शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचला. ती बाई माझ्या शेजारी डोक्यावरचा पदर सारखा करून ताठ उभी होती. रडली नाही. एक म्हातारा पुढे येऊन तिला म्हणाला, "सूनबाई, आमचं चुकलं." तिने फक्त मान हलवली.

पुढचं कागदोपत्री काम वर्षभर चाललं. त्या 'मेलेल्या' माणसाने आपल्या मरणाचा कसलाही फायदा घेतला नव्हता, म्हणून सरकारी वकिलांच्या मताने त्याला साक्षीदार केलं. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर त्याचा आणि सरदारांचा जबाब झाला. मृत्यूची नोंद दुरुस्त झाली. खाणीनेही शेवटी मोठेपणा दाखवून दगडावरचं नाव बदलायचं मान्य केलं.

दगडावर नाव कोरायच्या दिवशी आम्ही सगळे तिथे होतो. त्या दगडावर निरनिराळ्या काळातली नावं आहेत. छत कोसळून गेलेले, वायूने गुदमरलेले, पाण्याने गेलेले. सरदार एकेक नाव वाचून दाखवत होते, कोण कुठला, कोणाची चेष्टा कशी करायचे, हेसुद्धा. पाथरवटाने चुकीचं नाव घासून काढलं आणि त्या जागी नवं नाव कोरलं. ज्याचं नाव पुसलं गेलं तो माणूस लांब उभा होता. बाई त्याच्याजवळ गेली.

"तुमी आलते ना आमच्या गावात? हातपंपापशी?"

"आलतो."

"मंग एक हाक मारायची होती."

तो तिच्या पायाशी वाकायला लागला तर ती मागे सरली. "पाया नका पडू. त्येंचे दोस्त हाव तुमी. ते काय जेवायचे, काय बोलायचे, ते सांगा मला." मग दोघं दगडाच्या चौथऱ्यावर बसली आणि तो सांगत राहिला. मुलगी मध्येच हसली, बापाच्या कसल्याशा गमतीला. तेवढ्यात पाळी सुटली. काळ्या तोंडांची माणसं रांगेने बाहेर आली, नवं नाव बघून थांबली आणि ओळख ना देख, एकेक जण त्या मायलेकींना हात जोडून पुढे गेला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. एक साधी गोष्ट शिकवली. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्यानंतर मी कोणत्याही बेपत्ता माणसाच्या कागदावर 'असावा' हा शब्द लिहिला नाही आणि हाताखालच्या कोणालाही लिहू दिला नाही. अभिमान वाटतो तो मात्र माझा नाही. तो वाटतो जमादारांचा, ज्यांनी दिव्याचं रजिस्टर मागितलं. आणि आमच्या जिल्ह्यातल्या त्या माणसाचा, ज्याला मी कधी बघितलं नाही.

परतताना आम्ही पूर्णा स्टेशनवर उतरलो. मायलेकींना गावाकडच्या बसमध्ये बसवायला मी बसस्टँडवर गेलो. बसमध्ये त्यांच्या गावची एक बाई आधीच बसलेली होती. तिने विचारलं, "कुठं गेलत्या गं मायलेकी, इतक्या लांबून यायलाव?"

ती खिडकीशी बसली, मुलीला शेजारी घेतलं आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मालकांच्या कामाच्या गावाला गेलतो."