बक्षिसाची बातमी वाचताना

सासऱ्यांची नजर अधू झाली तेव्हापासून पेपर वाचायचं काम माझ्याकडं आलं. मी इंदापूरच्या शाळामास्तरांची मुलगी, सातवी पास. काटेवाडीच्या त्या घरात शिकलेली बाई मीच एकटी. आबा, म्हणजे सासरे, ओट्यावर शेजारच्या म्हाताऱ्यांना घेऊन बसायचे आणि मी दाराच्या आत, पदर सावरून, मोठ्यानं वाचायची. तोंड दाखवायचं नाही, आवाज मात्र सगळ्यांना पोचला पाहिजे, असा तो कारभार.

त्या दिवशी अमेरिकेतल्या एका बाईची बातमी होती. कादंबऱ्यांसाठी तिच्या देशातलं मोठं बक्षीस तिला आधीच मिळालं होतं, आता जगातलं सगळ्यात मोठं मिळालं. लिहायची काय, तर परमुलखातल्या शेतकऱ्यांच्या घरातलं.

"म्हंजी दुसऱ्याच्या घरातलं चव्हाट्यावर मांडायचं, आन् वर बक्षीस," शेजारचे तात्या म्हणाले.

"आपल्यातलीनं आसं केलं तर तंगडी मोडून हातात दीन," आबा म्हणाले. सगळे हसले.

माझी पाचावर धारण बसली. मीही लिहिलं होतं ना! सासूबाई तापानं फणफणल्या होत्या आणि आबा त्यांना बारामतीच्या डॉक्टरकडं न्यायचं सोडून, कॅनॉलच्या पाण्याची पाळी चुकू नये म्हणून उसात गेले. उसाला पाणी देऊन परतले तोवर त्या गेल्या होत्या. ती गोष्ट माझ्या भावानं परस्पर पुण्याच्या एका मासिकाच्या स्पर्धेला धाडली. घरात कुणाला पत्ता नव्हता, नवऱ्यालासुद्धा. आबांना कळलं तर मला माहेरी हाकलतील आणि माझी तान्ही लेक ठेवून घेतील, या भीतीनं मला रात्र रात्र डोळा लागत नव्हता.

"फुडं वाच," आबा म्हणाले.

मी बेसावधपणे पुढची बातमी सुरू केली. त्याच स्पर्धेचा निकाल होता. पहिलं बक्षीस, सौभाग्यवती... आणि खाली माझंच नाव, त्याला लागून नवऱ्याचं.

"कोण म्हणायची ही?" तात्यांनी विचारलं.

खोटं नाव ठोकून द्यावं, तर तेही मेलं सुचेना.

आबांनी मान वळवली. वाचता येणारी बाई कुठल्या नावापाशी अडते, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं घ्यायचं नसतं. मी पाळण्यातल्या पोरीकडं बघत राहिले.

"सासूचं लिवलंस?" आबांनी विचारलं.

"होय, आबा."

"पाण्याच्या पाळीचं?"

"होय."

तात्या उठायला लागले, तर आबांनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

"तिचं नाव घातलंस का त्यात?"

"नाही."

"घालायचं हुतंस," आबा म्हणाले. "मी जल्मात कदी घेतलं न्हाय तिचं."