मालक समिती का सोडत नव्हते

आपल्याविरुद्ध निकाल देऊ शकणाऱ्या न्यायासनापुढे स्वखुशीने उभं राहणं, हे सत्तेचं सर्वांत मोठं भूषण होय.

पूर्णा स्टेशनसमोरच्या हॉटेलात रेल्वेतले माझे एक मित्र पेपरातून मान वर काढून म्हणाले, "मास्तर, तिकडं युरोपात मानवी हक्काचं कोर्ट हाय म्हणं. सरकारं तिथं हरायलीत, तरी मेंबरकी सोडंनात. लय मोठ्या मनाची बघा!"

मला मनाचा मोठेपणा दिसेना. आमच्या गावात शांतता समिती होती.

विद्यापीठाच्या नावावरून दंगल झाली, त्यानंतर तहसीलदारांनी ती नेमली. शिक्षक म्हणून मला घेतलं. गावातले सगळ्यांत मोठे जमीनदार, ज्यांना सगळे मालक म्हणत, ते न बोलावता येऊन सभासद झाले. दंगलीच्या दिवसांत बौद्धवाड्यातून हातपंपाकडे जाणारी वाट बाभळीच्या काट्या टाकून बंद झाली होती. वाट मालकांच्या बांधाला लागून होती. काट्या कुणाच्या, हे शेंबडं पोरही सांगत होतं. समितीला मात्र चौकशी करावी लागली.

वाट खुली करावी असं ठरलं. पहिला हात मालकांनीच वर केला. पाहणीला तहसीलदार साहेबांची जीप यायची त्या सकाळी त्यांचा गडी काट्या ओढून बाजूला करी. साहेब वाटेवरून चालत, मालकांकडे चहा घेत. जीप गेली की काट्या जागच्या जागी.

बौद्धवाड्यातली एक म्हातारी गुडघे धरत ओढ्याच्या वळशाने पाणी आणायची. एकदा ती भर बैठकीत उभी राहिली.

"मालक, तुमी समितीतून भाएर पडा की. मंग तुमच्यावर तक्रार तरी करता ईल."

"आगं, मी भाएर पडलो तर तुझं गाऱ्हाणं ऐकंल कोन?"

"ऐकायला काय, माजी शेळी बी ऐकती."

बैठक हसली. मालक सगळ्यांत मोठ्याने हसले आणि बसून राहिले. बाहेर पडले असते तर ते आरोपी ठरले असते. आत होते तोवर प्रकरण समितीपुढे होतं. प्रकरण समितीपुढे आहे म्हटल्यावर पोलीसही फिरकत नव्हते. म्हातारीचा वळसा चालूच राहिला.

पुढे ती वाट कायमची मोकळी झाली. मालकांनी ऊस लावला होता, आणि कारखान्याचा ट्रक दुसऱ्या बाजूने शेतात वळत नव्हता.