केरानाताईचे तळवे

माझी थोरली बहीण केराना हिच्याइतकी हट्टी बाई आमच्या स्ट्रांजाच्या डोंगरात दुसरी नसेल, आणि हे मी कौतुकाने सांगत नाहीये. एकतीस वर्षं ती संत कोस्तादिनाच्या सणाला त्याची तसबीर छातीशी धरून, अनवाणी, निखाऱ्यांवरून नाचत गेली. ढोल वाजला की संतच तिला ओढून नेतो, असं गाव मानतं. मीही मानते. पण अकरा वर्षांपासून तिला मधुमेह आहे, आणि गोळ्या ती आठवण झाली तर घेते. त्यात मधमाश्या पाळते. आपल्या ओकाच्या रानातला काळा मध बाधत नाही, असं म्हणून रोज दोन चमचे चाटते.

पूर्वी आगीतून बाहेर आली की हसत सांगायची, "कडेचा एक निखारा चावलाच गं, राडा!" गेली दोन वर्षं चावणं बंद झालं. गाव म्हणालं, संताने हिला पुरती आपलीशी केली. ताईचे तर पाय जमिनीवर राहिले नाहीत.

यंदा सणाला बारा दिवस उरले असताना ती माझ्याकडे आली. दारात बूट काढला, तर मोजा रक्ताने भिजलेला. बुटाच्या तळातून मधपेटीचा खिळा वर आला होता. सकाळपासून ती त्याच्यावर चालत होती.

"अगं, लागलं नाही तुला?"

"काय लागायचंय? संताने जपलेले पाय आहेत हे."

दुसऱ्या दिवशी तिला ओढतच शहरात नेलं. डॉक्टरीणबाईंनी जखम बांधली, डोळे मिटायला लावले आणि तळव्यांना दहा ठिकाणी नायलॉनचा दोरा टेकवला. ताईला दोनच ठिकाणी कळलं. बाई म्हणाल्या, नसा बधिर झाल्यात. अशी जखम न कळता चिघळते, आणि मग पाय कापायची पाळी येते. साखर आवरा, रोज आरशात तळवे बघा, बुटात आधी हात घाला मग पाय, आणि अनवाणी एक पाऊलही नको.

"साठीत आरसा, तोही तळव्यांना!" बसमध्ये ताई एवढंच बोलली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

ते अकरा दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. चीज खारवायचं विसरले, नवऱ्यावर खेकसले, दिवसातून चारदा तिच्या कुंपणापर्यंत जाऊन परत आले. अडवावं तर संताशी वैर, न अडवावं तर बहिणीचे पाय जाणार.

सणाच्या सकाळी तिच्या घरी गेले. मध चाटायचे तिचेच दोन चमचे घेतले. एक विहिरीच्या पाण्यात बुडवला, दुसरा मुठीत धरून चांगला उबवला.

"डोळे मीट. आणि सांग, गार कुठला."

"वेड लागलंय तुला." पण मिटले.

तळव्याला मी एकेक चमचा टेकवला. "हा," ती म्हणाली. मग, "नाही, तो." मग, "टेकव ना एकदाचा!" चमचा टेकलेलाच होता. तिने डोळे उघडून पाहिलं.

"म्हणजे ही दोन वर्षं संत नव्हताच?"

मला रडू आलं. "ते मला नाही माहीत, ताई. आधीची एकोणतीस वर्षं तुला चावत होतं आणि तरी तू जात होतीस, एवढं मी पाहिलंय."

संध्याकाळी ढोल वाजला. ताई बूटमोजे घालून तसबीर धरून कडेला उभी होती. तिचे बूट ढोलाच्या तालावर जागच्या जागी हलत होते. मी तिचा दंड घट्ट धरून ठेवला होता, कारण माझा तिच्यावर काडीचा भरवसा नव्हता. अखेर तिने तसबीर माझ्या मुलीच्या, रुसाच्या हातात दिली. रुसाला संताने दोन वर्षांपूर्वीच बोलावलं होतं. मग ताई सगळ्या गावासमोर रडली.

रुसा निखाऱ्यांतून बाहेर आली, तशी ताईने तिला खाली बसवलं आणि तिचं पाऊल मांडीवर घेतलं.

"चावलं का गं?"

"चावलं थोडं, मावशी. टाचेला."

"बरं झालं," ताई म्हणाली, आणि त्या टाचेवरून हात फिरवत बसली.