तांब्याभर पन्हं

"मॅडम, स्लॅबमधी पाय रुतला," पाटीलदादा फोनवर म्हणाले, तेव्हा माझ्या तोंडात टूथब्रश होता.

आदल्या दिवशी ओतलेल्या स्लॅबमध्ये सकाळी पाय रुतत नाही. स्लॅब म्हणजे सळ्यांच्या जाळीवर ओतलेलं काँक्रीटचं छत. रात्रीत ते इतपत घट्ट होतं, की सकाळी त्यावर चालत जाऊन पाणी साठवायला आळी बांधता येतात. ती बांधायला गेलेल्या माणसाचाच पाय आत गेला होता. मी तोंड कसंबसं धुतलं आणि कामोठ्याहून नावड्याला गाडी काढली.

मी आरसीसी कन्सल्टंट आहे. इमारतीत सळई किती, सिमेंट किती, हे ठरवायचं माझं काम, आणि काही बिघडलं की पहिला फोनही मलाच. तळोज्याच्या कारखान्यांच्या शेड्स हा पोटापाण्याचा धंदा. नावड्याचा प्रार्थना हॉल मात्र फुकटातला. सासूबाई तिथल्या सत्संग मंडळात जातात. पाटीलदादा त्या मंडळाचे प्रमुख, मूळ गावचेच, जागाही त्यांचीच. 'आमची सून इंजिनीयर आहे,' असं सासूबाईंनी मला न विचारता जाहीर करून टाकलं होतं.

खरं तर मी आधीपासूनच चिडलेली होते. मी सांगितलं होतं, रेडीमिक्स मागवा. तयार काँक्रीट गाडीतून येतं, पंपाने वर चढतं, दुपारपर्यंत मोकळे.

"मंग आमी काय करायचा? हात बांधून बगायचा?" पाटीलदादा म्हणाले.

मंडळींना घमेली स्वतःच्या हातांनी वाहायची होती. बँकेतले साहेब, शाळेतल्या बाई, भाजीवाले, सगळे रांग लावून उभे. यंत्र असताना माणसाने पाठ मोडून घ्यायची आणि त्याला सेवा म्हणायचं, हे मला पटत नव्हतं. पण मी दिवसभर मिक्सरपाशी उभी राहिले आणि काम चांगलं झालं. संध्याकाळी शेवटचा माल तेवढा बाकी होता, तेव्हा मी निघाले.

आता वर जाऊन पाहिलं, तर सगळा स्लॅब पांढुरका आणि टणक. फक्त मागचा कोपरा काळपट, ओला. अंगठा दाबला तर खूण उमटली.

"सगला तोरायला लागंल का?" पाटीलदादांनी विचारलं. पाऊस तोंडावर आला होता.

"आधी कारण तर कळू दे."

सिमेंट तपासलं, सगळ्या गोण्या एकाच वेळी आलेल्या. पाणी एकाच टँकरचं. वाळू, खडी तीच. कोपरा सगळ्यात शेवटी ओतलेला. म्हणजे मी गेल्यावर त्या मालात काहीतरी वेगळं पडलं होतं. खाली येऊन मी जमलेल्यांना विचारलं, "शेवटी मिक्सरमध्ये काय टाकलंत?"

आनंदाकाका पुढे आले. हे साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून पाठीवर गोण्या वाहून रिटायर झालेले. आदल्या दिवशी सगळ्यात जास्त घमेली त्यांनीच उचलली होती.

"बाई, पन्हं म्या वतलं."

काम करणाऱ्यांसाठी कैरीचं पन्हं केलं होतं. आधी देवापुढे ठेवलेलं, म्हणजे प्रसाद. तळाशी तांब्याभर उरलं, गुळाचा सगळा साका त्यातच.

"मोरीत कसं वतायचं? जमिनीवर वतलं तर पाय पडायचा," काका म्हणाले. "म्हटलं, देवाच्या छपरात जाऊ दे." आणि त्यांनी ते मिक्सरला पाणी घ्यायच्या पिंपात ओतलं होतं.

साखर आणि गूळ सिमेंटचे वैरी. थोडे पडले तर सिमेंट घट्ट व्हायला वेळ लागतो, जास्त पडले तर ते घट्ट होतच नाही. आता तांब्याभर पन्हं थोडं की जास्त, हे बांधकामाच्या कोणत्या नियमपुस्तकात शोधायचं? मी काकांना चार शब्द सुनावणार होते, पण तेच आधी बोलले.

"तोडा, बाई. मी नगं म्हणत न्हाई. पर बघायला येणार न्हाई. उभ्या जल्मात गोण्या उचलल्या. गाडीतनं गाळ्यात, गाळ्यातनं गाडीत. सांजच्याला बघावं तर म्या उचललेलं कायबी जाग्यावर नसायचं. ठेवलं तिथं ऱ्हाणारं वझं ह्ये पयलंच हुतं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी इतकी वर्षं बांधतेय, माझं तर सगळंच ठेवलं तिथे राहतं. ते पाहायला मी एकदाही मागे गेले नव्हते.

"कोपऱ्याला कोणी हात लावायचा नाही," मी म्हटलं. "प्लास्टिक टाका, ऊन लागू देऊ नका. खालचे टेकू मी सांगेपर्यंत निघणार नाहीत. वाट बघू."

"आनि नाय सुकला तं?" पाटीलदादांनी विचारलं.

"तर मी स्वतः तोडायला उभी राहीन."

मग मी रोज ऑफिसच्या आधी नावड्याला जायला लागले. प्लास्टिक उचलायचं, तळवा टेकवायचा, झाकायचं, निघायचं. आनंदाकाका जिन्यात बसलेले असायचे, कुणाला वर जाऊ द्यायचे नाहीत. मला काही विचारायचे नाहीत, फक्त तोंडाकडे बघायचे.

"रोज सकाळी जाऊन हात लावून येतेस," सासूबाई चहा देताना म्हणाल्या. "आम्ही देवळात याहून वेगळं काय करतो?" मी गरम चहा घाईघाईने संपवला.

आणि एका सकाळी अंगठ्याची खूण उमटली नाही. नखाचा ओरखडाही उठेना. मी जिन्यात येऊन नुसती मान हलवली. काकांनी टोपी काढली आणि डोळे पुसले.

टेकू काढायच्या आधी मी रिबाउंड हॅमर लावला. या उपकरणातला दांडा काँक्रीटवर आपटून किती उसळतो, त्यावरून मजबुतीचा अंदाज येतो. मग मी त्या कोपऱ्याखाली जाऊन उभी राहिले. छत माझं, तर खाली मीच उभं राहायला हवं. काका न विचारता शेजारी येऊन थांबले. हाकललं तरी गेले नाहीत. शेवटचा टेकू निघाला आणि काहीही झालं नाही. आमच्या कामात याहून चांगली बातमी नसते. मला इतकं हायसं वाटलं, की मी तिथेच जमिनीवर बसले.

"बाई, माझा कोपरा कसा हाय?" काकांनी विचारलं.

"बाकीच्या स्लॅबइतकाच पक्का."

"बास," ते म्हणाले. "जास्त कशाला पायजे."

खरं म्हणजे त्या कोपऱ्याचं रीडिंग बाकीच्यापेक्षा जरा जास्तच आलं होतं. गूळ अगदी थोडा पडला तर कधीकधी असं होतं. हे मी मंडळात कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर पुढच्या स्लॅबला त्यांनी पिंपभर पन्हं ओतलं असतं.

आता कुठे श्रमदानाचं काम असलं, की सिमेंट बघायच्या आधी मी प्रसाद कुठे ठेवलाय ते विचारते. शेवटचा माल वर चढेपर्यंत हलत नाही. आणि तळाशी उरलेलं पन्हं मीच पिऊन टाकते. फार गोड असतं.